एक्केचाळीस भिंतींवरची हेमांगी

तर झालं असं, की आपल्या हेमांगी तोडकरचं तोंड रोज सकाळी सव्वानऊला ओल्या फडक्याने पुसलं जायला लागलं. पुसणारं कुणी नसायचं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा, मग उलट एकदा, आणि वर फिनेलचा वास. तिसऱ्या दिवसापासून ती लॅबच्या काउंटरवर नॅपकिन घेऊनच बसायला लागली. रक्त द्यायला आलेले पेशंट बघत राहायचे, ती तोंड कोरडं करून विचारायची, "उपाशीपोटी आलात ना?"

मग शनिवारच्या बाजारात मेथीची जुडी उचलताना एक अनोळखी बाई तिला म्हणाली, "अगंबाई, तुम्ही आमच्याकडे टीव्हीच्या वर असता ना?"

"मी?"

"मग कोण. चला, दाखवते."

हेमांगी गेली. टीव्हीच्या वर, सोनेरी फ्रेममध्ये, तीच. केस मोकळे, निळा कुर्ता, काचेवर दुकानाचं स्टिकर तसंच. पंचविसाव्या वाढदिवसाला तिने हा फोटो काढून घेतला होता, एकच, स्वतःसाठी. आईलासुद्धा दाखवला नव्हता.

"फ्रेम आणली तेव्हा आतच होतात तुम्ही," बाई म्हणाली. "काढून टाकायचा जीव झाला नाही. पोरं मावशी म्हणतात. मी रोज पुसते हो, धूळ बसू देत नाही."

"सव्वानऊला?"

"हो, नळ गेला की."

हेमांगी तिथून थेट जोंधळे फोटो स्टुडिओत. जोंधळेकाका कुठल्यातरी नवरदेवाच्या गालावरचा तीळ कॉम्प्युटरवर काढत होते.

"काका, मी सांगितलं होतं, फोटो कुणाला दाखवू नका."

"मी कुठे दाखवला? फ्रेमवाल्याला नमुना दिला. त्याने एक्केचाळीस केले."

"मला न विचारता?"

"विचारलंय की." त्यांनी पावतीची प्रत उलटी केली आणि वर भिंग ठेवलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, फोटोचा हक्क स्टुडिओचा राहील. खाली तिची सही. "फोटो काढणाऱ्याचा. चेहरा तुझा, तो तुझ्याकडे आहेच."

"तो लोक पुसतात, काका."

"म्हणूनच उजळ दिसतेयस."

ती भांडली नाही. बाकावर बसली, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागली, "सही करायच्या आधी पावती उलटी करून वाचा." सहा गिऱ्हाइकं वाचून परत गेली. सातवं दारात दिसल्यावर काका म्हणाले, "हे बघ, ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांनी स्वतःच्या हाताने काढून दिला तर फोटो तुझा. ओढून घेतलास तर चेहरा फाटेल. माझा नाही, तुझा."

"लिहून द्या."

दिलं त्यांनी. एक्केचाळीस पत्त्यांची यादीपण दिली.

आता नुसतं मागून कोण देतंय? भिंतीवरच्या माणसाला कामं असतात. एका घरी ती थोरली जाऊ होती, तिथे दोन भावांचं भांडण मिटवल्यावर फोटो मिळाला. एका घरी दुबईची आत्या, तिथे पोरांचे पाढे ऐकले, एकोणतीसपर्यंत. एका ठिकाणी सासू म्हणाली, "इतके दिवस नुसती बघतेस, आज बोल काहीतरी." हिने सुनेची बाजू घेतली. सासूने फ्रेम उतरवून फोटो हिच्या हातात कोंबला आणि दार लावलं. हेमांगी म्हणाली, चालतंय, हाताने दिला ना.

पंधरा फोटो झाले तेव्हा तिला आभाळाच्या कडेला सोनेरी पट्टी दिसली, फ्रेमची असते तशी. तिला लगेच कळलं. एक्केचाळीस भिंतींवर पसरलेली ती, आता उरलेल्या भिंतींत तिला मावायचं होतं. पंचवीस झाले आणि पट्टी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आली. चाळीस झाले तेव्हा ती कोपरांना टेकली. मी म्हटलं, "अगं, एक राहू दे ना. कुठल्यातरी कोपऱ्यात असेल पडलेला." तर म्हणाली, "एक राहिला म्हणजे सगळे राहिले," आणि चप्पल घातली. दारातून ती तिरकी होऊन बाहेर पडली.

शेवटच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सगळे घाटावर गेलेत, दहावा आहे.

घाटावर प्लास्टिकच्या खुर्चीत तिचा फोटो ठेवलेला, हार घातलेला.

"आमच्या काकीचा एकही फोटो नव्हता," पुतण्या म्हणाला. "तुमचा शांत वाटला."

पिंड ठेवून तास उलटला होता. समोर पिंपळावर कावळे ओळीने बसलेले, एक खाली येईना. घरच्यांचे सगळे शब्द देऊन झाले होते. धाकट्याला शिकवू, गाय विकणार नाही, बहिणीचं माहेर तोडणार नाही. कावळे बघत होते. हेमांगीला बघून कुणी दचकलं नाही. काकीच्या नवऱ्याने, म्हाताऱ्या काकांनी, तिला पुढे जागा करून दिली.

"बरं झालं, तूच आलीस," ते म्हणाले. "काय राहिलंय तुझं? सांगून टाक."

"माझा फोटो मला द्या. तुमच्या हाताने."

पुतण्याने भटजींकडे पाहिलं. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं.

काकांनी फ्रेम उचलली, हारासकट. हेमांगीने हात पुढे केला. सोनेरी पट्टी तिच्या मनगटाशी आली होती, तरी तिने तो मागे घेतला नाही.

"देतो," काका म्हणाले. "शब्द दिला."

पिंपळावरचा पहिला कावळा उडाला आणि सरळ खाली आला.