महिपतीच्या डोक्यावरची टोपी

माझी बायको रूथ वारली, त्याला महिना झाला. त्या दिवशी तिच्यासाठी कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचा होता. कद्दीशला आमच्या ज्यू समाजातले दहा पुरुष लागतात. रोह्यात आता कुठले दहा? बहुतेक इस्रायलला गेले. पेण, कोलाडहून बोलावून मला धरून नऊ जमले. दहावा एझ्रा, रूथच्या बहिणीचा मुलगा. त्याची गाडी कासूला अडकली होती.

रूथचा भाऊ एलियाह याला परतायची घाई. शेजारचा महिपती प्रार्थनेनंतर वाटायच्या मलिद्यासाठी नारळ घेऊन आला, तर एलियाहने त्याच्याच डोक्यावर टोपी घातली.

"हा दहावा. करा सुरू."

"मी कसा चालंन? मी तुमच्यातला नाय."

"गप उभा राहा. कोण बघतंय?"

चारपाच जण हसले. मलिद्याच्या गोड पोह्यांवर माश्या बसल्या होत्या, त्या कोणी हाकलत नव्हतं. मला किळस आली.

तेवढ्यात एझ्रा आला. महिपतीने टोपी काढून माझ्या हातात दिली. "सुटलो बाबा."

एझ्रा हातपाय धूत होता, तेव्हा एलियाहने विचारलं, "काय रे, त्या लॅबमध्ये करतोस तरी काय?"

"एक धातू आहे, मामा. खूप थंड केला की त्यातून वीज बिनअडथळा वाहते. त्याला चुंबकाजवळ ठेवलं की आत बारीक भोवरे पडतात. त्या भोवऱ्यांच्या मधोमध इलेक्ट्रॉन अडकून राहतात. ते शोधतोय."

"सापडले?"

"खूण दिसली. पण चुंबक बंद केला तरी दिसतेच. म्हणजे ती भोवऱ्यातली नव्हेच. सर म्हणतात, चुंबक बंद केल्याचं लिहू नकोस. मी नाही म्हटलं."

"येडा हायस. नाय लिहिलं तर कोण बघतंय?"

तेच शब्द, तोच सूर. मी दाराकडे बोट केलं.

"एलियाह, तू नीघ."

"भावजी, मी गेलो तर नऊच राहाल."

"मोजता येतं मला."

"ताईचा कद्दीश राहील!"

"राहू दे. तुझ्या तोंडून नको."

जाताना त्याने मलिद्यातलं केळं उचललं.

कद्दीश झाला नाही. दहा नसताना जे स्तोत्र म्हणता येतं ते म्हटलं. महिपती दाराशी बसून राहिला. रूथचं नाव आलं तिथे मी एझ्राकडे पाहिलं. ते त्याने घेतलं.