डाव्या बाहीचे कच्चे टाके

महमुदाचे अकरा मिस्ड कॉल वलीने पाहिले, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. आखातातल्या त्या नेमबाजी क्लबच्या वर्कशॉपमध्ये बारूद असते, म्हणून फोन दाराजवळच्या लोखंडी कपाटात ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, असा नियम. अठरा वर्षांत त्याने तो एकदाही मोडला नव्हता. त्याने उभ्या उभ्या फोन लावला.

"वलीभाई, कुटं होताव तुमी?" शेजारची महमुदा रडत होती. "भाबी शिवता शिवता मशीनवरच पडली. आमी हॉस्पिटलात आणली, पण भाबी ऱ्हायली नाय वो."

वलीने फोन बंद केला. मग बेसिनवर जाऊन हात धुतले. बोटांना पितळेचा पिवळा रंग लागला होता, तो निघेना. तेच हात घेऊन तो क्लबच्या गावाहून, रिफाहून, टॅक्सीने निघाला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर बायकोला, अकीलाला, माती दिली, तेव्हाही नखांच्या कडेला ते पिवळे दिसत होते.

दहाव्या दिवशी तो कामावर गेला. काडतुसे भरायची प्रेस तशीच बंद होती.

ती प्रेस म्हणजे वलीचा जीव होता. गोल तबकडीत वापरलेल्या काडतुसांच्या पाच रिकाम्या पुंगळ्या उभ्या राहायच्या. दांडा एकदा ओढला की तबकडी वर चढायची आणि वरच्या पाच साच्यांत पाच कामे एका दमात व्हायची. दांडा सोडला की तबकडी एक घर पुढे सरकायची. एका बाजूने काळवंडलेली पुंगळी आत जायची आणि दुसऱ्या बाजूने सरावाचे नवे काडतूस बाहेर पडायचे. अठरा वर्षे बघूनही वलीला त्याचे नवल वाटायचे.

उन्हाळ्यात त्याने तबकडीची बैठक काढली, धुतली आणि परत बसवली. तेव्हापासून पुंगळी केसभर तिरकी चढू लागली. तिचे तोंड साच्याच्या कडेवर आदळायचे आणि पितळ चुरमडून जायचे. स्प्रिंग बदलून झाली, खालचा कचरा फुंकून काढून झाला. दरवेळी शेवटी बैठकीचे चार बोल्ट तो आणखी घट्ट करायचा. दरवेळी पुंगळी तिरकीच.

मेंटेनन्सचे साहेब गुरुप्रसाद पुण्याचे. ते खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"वलीभाई, आज बोलायला नको होतं, पण बोलतो. सेक्रेटरी म्हणतात, गुरुवारपर्यंत प्रेस चालली तर ठीक, नाहीतर खलास. तयार काडतुसं बाहेरून मागवायची. मग ही जागा राहणार नाही."

"म्हंजे माझा व्हिसा?"

गुरुप्रसाद बोटातली अंगठी फिरवत राहिले. "रत्नागिरीला तुमचं घर आहे ना? भाऊ आहेत..."

"घर हाय. भाऊ हायत. पण माझा माणूस हितल्या मातीत हाय, साहेब. मी गेलो तर तिच्याकडं कोण जानार?"

त्या दिवशी त्याने बोल्ट पुन्हा आवळले. पाना निसटून मनगट सोलवटले. पुंगळी तिरकीच.

बुधवारी संध्याकाळी उम्म अल हस्सम भागातल्या त्याच्या खोलीवर महमुदा आली. अकीला आसपासच्या बायकांचे शिवायची. त्यांचे राहिलेले कापड ज्याचे त्याला पोचवायचे होते. महमुदाने पिशवी उपसली. तळाशी निळा कुरता निघाला.

"ह्यो तुमचाच, भाऊ. ईदेचा." तिने तो दोन्ही हातांनी उचलून धरला. "उजवी बाही झाली हाय. डावीला नुसते कच्चे टाके हायत. द्या, मी टीप मारून देते."

निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके होते. सैल, पण एका ओळीत.

"सगळीच बाही सैल ठेवलीन," वली म्हणाला.

"मंग? आधीच घट्ट केली तर कशी बसनार? अंगात घालायची, हात वर करायचा, बाही आपल्या जागी बसते. मंग टीप. भाबीनंच शिकवला मला."

वली खाटेवर बसला. अकीला गेली त्याच्या आदल्या रात्रीचे जेवण त्याच्या डोळ्यांपुढे आले. तो प्रेसवर चिडला होता. ती हाच कुरता मांडीवर घेऊन बसली होती.

"अवो, तुमी बोल्ट घट्ट करताव, तवा ती पुंगळी कुटं असते?" तिने मान वर न करता विचारले होते.

"कुटं म्हंजे? खाली."

"आनि काम कुटं करते?"

"वर, साच्यात."

"मंग खाली घट्ट करून वरचा काय कळनार?"

"तुझ्या शिवणासारका नाय ता. तुला नाय कळायचा. भाकरी वाढ."

"वाढते, वाढते, मेकॅनिकसाहेब," असे म्हणून ती हसत उठली होती.

"भाऊ, देताव ना कुरता?" महमुदाने विचारले.

"ऱ्हाऊ दे," वली म्हणाला.

गुरुवारी सकाळी त्याने फोन कपाटात ठेवला आणि आत जाऊन चारही बोल्ट सैल केले.

"अहो, हे काय?" गुरुप्रसाद धावत आले. "आधीच तिरकी, त्यात सैल करताय!"

"साहेब, दांडा ओढून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

वलीने एक चांगली रिकामी पुंगळी तबकडीत उभी केली. गुरुप्रसादांनी दांडा ओढला. पुंगळी वर चढली, साच्याच्या तोंडाशी क्षणभर अडली आणि मग सैल बैठक आपणहून जराशी सरकली. पुंगळी आत शिरली. वलीने ती वर असतानाच बोल्ट आवळले. एक हा, एक समोरचा, थोडा थोडा.

"सोडा आता."

मग त्याने बारूद न घालता शंभर रिकाम्या पुंगळ्या चालवल्या. एकही आदळली नाही. नुसता तबकडी सरकल्याचा आवाज, टक्, टक्, सारख्या अंतराने. शंभरावी पुंगळी त्याने उजेडात धरली. तिचे तोंड गोल होते.

"कमाल केलीत!" गुरुप्रसाद म्हणाले. "कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाय. माझ्या बायकोनं सांगितला."

"त्यांनी ही प्रेस कधी पाहिली?"

"कदीच नाय. आत कुटं सोडतात बायांना?"

गुरुप्रसादांनी दांड्यावर हळूच हात ठेवला.

वली पुंगळीकडे बघत राहिला. भाकरी थापताना, बाही शिवताना तिने हे यंत्र नुसत्या त्याच्या कटकटीतून डोळ्यांपुढे उभे केले होते. आणि बोल्ट आवळण्यात कुठे चुकते तेही ओळखले होते. त्याने तिला विचारलेही नव्हते.

जागा राहिली. व्हिसाही राहिला. शुक्रवारी तो कबरस्तानात गेला. "प्रेस चालली गो," एवढेच म्हणाला, आणि बराच वेळ उन्हात उभा राहिला.

कुरता खोलीत खुंटीला आहे. अकीलाच्या मशीनच्या सुईत तिने ओवलेला निळा दोरा तसाच आहे. डाव्या बाहीला टीप घालायची राहिली आहे.