लीलाच्या घागरीचे पालेते

माझी बायको लीला मागच्या वर्षी माघ महिन्यात गेली. ताप आला, चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मला लिहायचं आहे ते तिच्या पालेत्यांबद्दल.

आम्ही केळझरजवळचे. तीन एकर वावर आहे, विहीर आहे. वांगी, भेंडी, चवळी लावतो आणि सेलूच्या बाजारात विकतो. सहा वर्षांपूर्वी आमची मुलगी सुरभी नागपूरहून सुट्टीत आली, तेव्हा तिनं आईला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. मेक्सिको देशातली एक बाई आंब्याचा गर काढून साच्यात ओतत होती, त्यात काडी खोचून गोठवत होती. त्याला तिकडे पालेता म्हणतात. तयार झाल्यावर त्या बाईनं वरून लाल तिखट आणि मीठ भुरभुरवलं. ते पाहून लीला हसायला लागली.

"म्हंजे आपल्यावानीच लोक हायेत थे," ती म्हणाली. "मले वाटलं आंब्यावर तिखट आपणच टाकतो."

सुरभीनं साचे पाठवले आणि लीला पालेते करायला लागली. खरबुजाचे केले, चिंचेचे केले. पण नाव झालं ते आंब्याच्या पालेत्यांचं. ते ती वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेलाच करायची. आमच्या घरी त्या दिवशी पूर्वजांच्या नावानं घागर भरतात. घागरीपुढे नैवेद्य ठेवल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडाला लावत नाही. आणि नैवेद्याचा स्वयंपाक करताना चाखायचा नसतो. लीला हे दोन्ही कडक पाळायची. म्हणजे तिचे पालेते एकदाही न चाखता व्हायचे. तरी कधी चुकले नाहीत. शेजारची मोहिनी ताटं उचलायच्या आधीच दारात उभी असायची.

यंदा वर्षश्राद्ध झालं आणि लीलाची स्वतःची पहिली घागर आली. ती अहेव, म्हणजे माझ्या आधी, गेली, म्हणून तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं होतं. मी मोहिनीलाच सांगितलं.

सुरभी फोनवर म्हणाली, "बाबा, पुरणपोळी, कढी, वडे मी येऊन करतो. तुम्ही काई करू नका. आंब्याची कुल्फी वर्ध्याहून आणतो."

"तुया आईच्या पानात दुकानातली कुल्फी?"

"मग काय करता?"

"पालेते मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" ती म्हणाली. मला चहासुद्धा धड करता येत नव्हता, हे तिला माहीत होतं. पण मी ठरवलं होतं. ते पान लीलाचं होतं. त्यात तिचा पालेता नसेल तर ते तिचं कसं म्हणायचं.

नैवेद्याआधी आंबा चाखायचा नाही, त्यामुळे आंब्यावर हात बसवून पाहता येत नव्हता. म्हणून आठ दिवस आधी मी खरबूज आणलं. गर काढला, साखर घातली, चाखून पाहिलं. गोड लागलं. साच्यात ओतून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव आले होते. त्यांचं वावर माझ्या वावराला लागून आहे आणि त्यांचं तोंड कधी बंद नसतं. मी त्यांना एक दिला.

त्यांनी चावून पाहिला आणि गालाला हात लावला. "रूपरावजी, हा पालेता हाय का वरवंटा? माही एक दाढ आधीच हालून राह्यली."

"चोखून खा."

त्यांनी चोखला. वरचा रंग निघून गेला, खाली पांढरा बर्फ राहिला. "गोडी गेली, आता निरा बरफ उरला," ते म्हणाले.

जिभेला गोड लागलेलं गोठल्यावर फिकं होतं, हे मला तेव्हा कळलं. मग पुढच्या खेपेला मी साखर दुप्पट घातली. ते रात्रभर ठेवूनही गोठले नाहीत. काडी ओढली तर काडीच हातात आली.

"आता हा पिऊन टाका," प्रभाकरराव म्हणाले. "अन् वहिनीच्या पानात वाटीनं वाढा."

 ते वाईट मनानं बोलत नव्हते. पण त्या दिवशी मी भेंडी तोडताना दोनदा रांग चुकलो. खरबुजात चाखूनही मला जमत नव्हतं, तर आंब्यात न चाखता कसं जमणार होतं. लीलानं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. तीस वर्षं ती चुलीशी आणि मी वावरात.

संध्याकाळी मी सुरभीला फोन केला. म्हटलं, "साखर किती घालत होती थे?"

"मोजत नव्हती, बाबा. पाण्यात साखर टाकत जाय, ढवळत जाय. मग त्यात आंब्याचा रस." ती थांबली. "अन् आलू."

"काय आलू?"

"साखरेच्या पाण्यात एक आलू टाकत होती. धुऊन. मग काढून घेत होती. मी इचारलं काऊन, तं म्हणे माह्या माहेरची गोष्ट हाय. मले वाटलं नजर-बिजर लागू नये म्हणून असन."

आलू मलाही आठवला. अक्षय तृतीयेच्या आधी ती मला बाजारातून एक आलू आणायला सांगायची. "अंड्याएवढा आणजा, मोठा नको." मी एकदा थट्टा केली होती, की आंब्याची भाजी करून राह्यली का. ती आलू घेऊन धुवायला गेली होती.

पण माहेरची गोष्ट म्हटल्यावर मी फोन हातात धरून उभाच राहिलो. लीलाचं माहेर भंडाऱ्याकडचं, पवनीजवळ. तो धानाचा मुलूख. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी पेरणीच्या वेळी तिकडे गेलो होतो. सासरे अंगणात टब घेऊन बसले होते. टबात पाणी आणि पाण्यात एक आलू. लीला पसा पसा मीठ टाकत होती आणि सासरे ढवळत होते. आधी आलू तळाशी होता. मीठ वाढत गेलं तसा तो हळूहळू वर आला. त्याचं डोकं रुपयाएवढं पाण्याबाहेर दिसलं, तेव्हा सासऱ्यांनी हात वर केला. "बस. आता पाणी बरोबर झालं." मग त्यांनी बियाण्याचं धान त्यात ओतलं. पोचट दाणे वर तरंगले, भरीव खाली बसले.

म्हणजे पाण्यात किती मीठ आहे ते आलू सांगतो. आणि मीठ सांगतो तर साखरही सांगणारच. जीभ लावायची गरजच नाही.

मी हे सुरभीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आई किती शिकलती?"

"चौथी."

  मला त्या वेळी लीलाचा जो अभिमान वाटला तो मला कोणाला तरी सांगायचा होता, आणि घरात कोणी नव्हतं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी मी हिंगणघाटला गेलो. तिथे हैदराबादच्या रस्त्यानं बैगनफल्ली आंबे लवकर येतात. दुपारपर्यंत परत आलो. स्वयंपाकाच्या मोठ्या गंजात पाणी घेतलं, अंड्याएवढा आलू घासून धुतला आणि पाण्यात सोडला. तो तळाशी गेला. साखर टाकली, ढवळली. आलू तसाच. आणखी टाकली. त्यानं एकदा कूस बदलली आणि पुन्हा बसला. आता मी मुठीनं न टाकता चमच्यानं टाकायला लागलो. पाचव्या की सहाव्या चमच्याला तो तळ सोडून उठला आणि वर आला. डोकं बाहेर काढलं, बरोबर रुपयाएवढं.

"बस," मी मोठ्यानं म्हणालो. एकटाच होतो.

मग आंब्याचा गर घातला. हात कोपरापर्यंत माखला होता आणि सवयीनं बोट तोंडाकडे गेलं. ओठाजवळून परत आणलं आणि हात धुतले. बारा साचे भरले. काड्या खोचल्या. त्या काड्याही लीलाच्याच, धुऊन वाळवून फडक्यात बांधून ठेवलेल्या.

दुसऱ्या दिवशी सुरभी पहाटेच्या गाडीनं आली आणि तिनं सगळा स्वयंपाक केला. घागर भरली, तिच्यावर एक आंबा ठेवला. नैवेद्याचं पान मांडलं. मी साचा पाण्यात बुडवून काडी ओढली. पालेता अख्खा बाहेर आला. कडा मोडली नाही. पिवळाधमक. मी त्यावर भिवापुरी तिखट आणि मीठ टाकलं आणि लीलाच्या पानात ठेवला. हात जोडले, पण काय मागायचं ते सुचलं नाही.

मग मोहिनीचं पान वाढलं. ती जेवली. शेवटी मी तिला पालेता दिला. सुरभी दारात उभी राहून बघत होती. प्रभाकरराव ओसरीवर होते, तेही मान वळवून बघत होते.

मोहिनीनं एक तुकडा चावला. दात सहज बसला, ते मी पाहिलं. ती चावत राहिली. आणखी एक घास घेतला. डोळ्याला पदर लावला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तिखट कमी हाय, भाऊजी," ती म्हणाली. "वहिनी अशी कंजूष नव्हती."

"बाकी?"

"बाकी काय इचारता? दुसरा द्या. अन् तिखटाची डबी इकडं करा."

सुरभी हसत हसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी प्रभाकररावांना एक दिला. त्यांनी आधी दाढ चाचपली, मग चावला. अर्धा झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी वरवंटा होता. आज हा कसा जमला?"

मी त्यांना आलूची गोष्ट सांगितली. पवनीचा टब, मीठ, धान, आणि लीलानं मिठाच्या जागी घातलेली साखर, सगळं सांगितलं. एवढं मी सलग बऱ्याच महिन्यांत बोललो नव्हतो.

"वा. भंडाऱ्याची अक्कल हाय," ते म्हणाले.

"भंडाऱ्याची नाई. माह्या बायकोची हाय."

त्यांनी मान हलवली. "वहिनीची," म्हणाले, आणि काडी चोखत बसले.

सगळ्यांचं झाल्यावर मी माझा घेतला. यंदाचा तो माझा पहिला आंबा. गोडी काडीपर्यंत होती. मोहिनी खरं बोलत होती, तिखट कमी होतं.

लीलाच्या पानातला पालेता तोवर वितळून गेला होता, फक्त काडी उरली होती. ती मी बाकीच्या अकरा काड्यांबरोबर धुतली, उन्हात वाळवली आणि तिच्या फडक्यात बांधली. पुढच्या वर्षी तिखट दीडपट घालायचं.