जाळीमागचा पुठ्ठा

"अहो, एसी बंद करा ना," कुमुद म्हणाली.

सूर्यकांत रेग्यांनी पुढच्या सीटवरून वळून पाहिलं. एसी चालू नव्हताच. हीटर चालू होता, आकडा अठ्ठावीसवर होता, आणि आत येणारी हवा जेमतेम कोमट होती. त्यांनी आकडा तीसवर नेला. धौला कुआँ मागे पडलं, गाडीने वेग घेतला आणि होती तीही ऊब गेली. मागच्या आडव्या केलेल्या सीटवर कुमुद गुडघे पोटाशी घेऊन निजली होती. दात वाजू नयेत म्हणून तिने शालीचं टोक ओठांत धरलं होतं.

दोन हजार आठ सालचा जानेवारी होता. गुडगावचा नवा एक्स्प्रेसवे नुकताच सुरू झाला होता. चौतीस वर्षं केंद्र सरकारात धरणांची कामं करून रेगे निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात एका खासगी कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतलं. रामकृष्णपुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नवरा-बायको गुडगावात अकराव्या मजल्यावर राहायला आले. कंपनीने ही उंचपुरी परदेशी गाडी दिली, शिशपाल नावाचा हरियाणवी ड्रायव्हर दिला. सोसायटीतले लोक गाडीकडे वळून बघत. रेग्यांना त्याचं फारसं काही नव्हतं, पण मागची सीट पलंगासारखी आडवी होते हे पाहून त्यांनी मनात कंपनीचे आभार मानले होते. कारण तोवर कुमुदच्या किडन्यांनी हात टेकले होते.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. करोल बागेजवळच्या हॉस्पिटलात सकाळची पाळी मिळाली होती. चार तास रक्त मशीनमधून फिरून परत अंगात येई आणि मग कुमुदला हाडांतून थंडी वाजे. बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून निजूनच घरी यावं लागे. डाव्या हातावर ताजी पट्टी असायची, त्यावर पांघरुणाचा भार चालत नसे. एकदा गरम पाण्याची पिशवी दिली, तर पायाला फोड येईपर्यंत तिला कळलंच नाही. म्हणजे उरला हीटर.

रेग्यांनी गाडी वर्कशॉपला दोनदा नेली. दोन्ही वेळा तिथे गाडी उभ्या उभ्या चालू केली गेली, कॉम्प्युटर जोडला गेला, आणि हीटर छान गरम हवा टाकायला लागला.

"सर, कोई फॉल्ट नहीं है," टाय लावलेला सर्व्हिस मॅनेजर म्हणाला.

"उभी असताना नाहीच आहे," रेगे त्याला हिंदीत समजावून सांगू लागले. "पळायला लागली की इंजिनाच्या तापमानाचा काटा खाली येतो. इंजिनाचं पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी झडप असते ना, थर्मोस्टॅट, ती उघडी अडकली आहे. माझ्याबरोबर हायवेवर चला, दाखवतो."

"टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरच्या आतच करता येते, सर. आणि कॉम्प्युटर फॉल्ट दाखवत नाही तोवर वॉरंटीत पार्ट बदलता येत नाही."

"मग वॉरंटीबाहेर बदला."

"त्याला गाडीच्या मालकाचं पत्र लागेल."

मालक म्हणजे कंपनी. कंपनीतल्या ॲडमिनच्या माणसाने वर्कशॉपचा कागद वाचला आणि नम्रपणे म्हणाला, "रेगे साहब, इसमें तो नो फॉल्ट लिखा है. मैं किस बेसिस पे लेटर दूँ?" रेग्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. 'कार्यवाहीची आवश्यकता नाही' हा शेरा त्यांनी स्वतः किती फायलींवर मारला होता, याची मोजदाद त्यांच्याकडेही नव्हती.

त्या रात्री जेवताना ते पुन्हा थर्मोस्टॅटबद्दल बोलू लागले, तेव्हा कुमुदने ताटावरून मान वर केली.

"तुम्ही अलीकडे माझ्यापेक्षा त्या गाडीचीच तब्येत जास्त विचारता."

"तुझ्याचसाठी ना ते."

"माहीत आहे. पण जेवा आता. मला निदान तुम्हाला जेवताना तरी बघू द्या."

तिला स्वतःला मोजून अर्धी वाटी आमटी, मोजून पाणी. रेग्यांनी मान खाली घालून पोळी संपवली.

तोड शिशपालने काढली. "साब, सर्दी में ट्रकवाले इंजन के आगे बोरी बाँधते हैं. हवा कम लगे तो पानी गरम रहता है." रेग्यांना हे सुचायला हवं होतं, ते इंजिनिअर होते. बुधवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघांनी मिक्सरचा खोका कापला आणि पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा बसवून तारेने बांधला. शिशपालने बजावलं, "जाम में फँसे तो निकालना पड़ेगा साब. नहीं तो उबल जाएगी."

गुरुवारी परतताना काटा मधोमध उभा राहिला. महिपालपूरच्या पुढे कुमुदने शाल बाजूला केली. घर आलं तेव्हा ती गाढ झोपली होती आणि तिच्या कपाळावर घामाचा बारीक थेंब होता. रेगे दार उघडायचं सोडून दोन मिनिटं तसेच बसून राहिले. हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून इतकं हलकं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

शनिवारी दुपारीही धुकं उठलं नव्हतं. टोलनाक्याच्या अलीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. शिशपालने काट्याकडे पाहिलं. "साब, निकाल दूँ?"

पुठ्ठा काढायचा म्हणजे बॉनेट उघडायचं, दारं उघडायची-लावायची, गार हवेचा झोत आत. मागे कुमुदचा श्वास संथ चालला होता.

"थोडा रुको," रेगे म्हणाले. "सो रही है."

आणखी दहा मिनिटांत रांग शंभर पावलं सरकली असेल. शिशपालने पुन्हा विचारलं, रेग्यांनी पुन्हा हात वर केला. मग काट्याशेजारी लाल दिवा लागला, कुठूनतरी गोडसर वाफेचा वास आला आणि गाडीने स्वतःच दम सोडला. शिशपालने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि रेग्यांकडे न बघता खाली उतरला.

टो-ट्रक यायला दीड तास लागला. त्या वेळात काचांवर आतून दंव धरलं. रेगे मागे जाऊन बसले, आपला कोट, शिशपालचं ब्लँकेट, सगळं तिच्या पायांवर घातलं, उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. दुसऱ्या कुणाच्या भरल्या गाडीतून न्यायचं तर तिला उठवून बसवावं लागलं असतं, आणि बसवलं की ती कोसळत होती. एकदा तिने डोळे उघडून विचारलं, "पोचलो का?"

"आलंच," रेगे म्हणाले.

रविवारी तिला खोकला लागला. सोमवारी तापही आला. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं आणि मंगळवारची पाळी कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका म्हणाले.

सोमवारी दुपारी रेगे वर्कशॉपला गेले. पुठ्ठा काउंटरवर ठेवला होता, वाफेने फुगलेला. सर्व्हिस मॅनेजरने एक छापील कागद पुढे केला. वापरणाऱ्याने केलेल्या छेडछाडीमुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही.

"थर्मोस्टॅट बघितला?" रेग्यांनी विचारलं.

"सर, आता तर सगळंच खोलावं लागणार. पार्ट बाहेरून मागवायचे. सहा आठवडे धरून चला."

"तो उघडा अडकलेला होता की नाही, एवढंच सांगा."

तो पोरगेला माणूस कागदाकडे बघत म्हणाला, "होता, सर. पण त्याने आता काही फरक पडत नाही."

रेग्यांनी सही केली.

घरी आल्यावर कुमुदने विचारलं, काय म्हणाले. "माझी चूक आहे म्हणाले," रेगे म्हणाले. "आणि आहेच. शिशपालने दोनदा विचारलं होतं मला."

ती बराच वेळ खोकत होती. थांबल्यावर म्हणाली, "त्या दिवशी इतकी छान झोप लागली होती मला." आणि भिंतीकडे वळली. ही तक्रार होती की दिलासा, ते रेग्यांना विचारवेना.

मंगळवारी पहाटे फाटकाशी टॅक्सी आली. मागच्या सीटवर कुमुद आडवी झाली, डोकं रेग्यांच्या मांडीवर. डाव्या बाजूची काच वर जाताना चार बोटांची फट ठेवून अडकत होती. ड्रायव्हर म्हणाला, "पुरानी गाड़ी है, बाबूजी." रेग्यांनी मफलर कोंबून पाहिला, तो वाऱ्याने आत पडला. मग त्यांनी तळहात त्या फटीवर दाबून धरला. टोलनाका आला, महिपालपूर गेलं. बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. हात बदलायला त्यांना वळावं लागलं असतं, आणि कुमुदचा डोळा नुकताच लागला होता.