शिकाऊ नको!

मी गाडी शिकवते. माझ्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो. मागून हॉर्न बडवणाऱ्यांना मी खिडकीतून सुनावते, "तुम्ही काय आईच्या पोटातून शिकून आलात?"

पण सिझेरियनच्या टेबलावर माझंच पोट उघडलेलं, कमरेखाली सगळं बधिर, बाळ बाहेर आलेलं आणि रडत नाही. पडद्यापलीकडून कोवळा आवाज आला, "मॅडम, श्वासाची नळी मी घालू?" माझं डोकंच फिरलं.

"शिकाऊ नको! मोठ्या डॉक्टरांनीच घाला!" आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"ताई, मी शेजारीच आहे," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. मग त्या शिकाऊ पोरीला, "घाल. दिसेल ते मोठ्याने बोल." ही त्यांची शिकवायची रीत.

"जीभ बाजूला केली. फेस ओढून घेतला. श्वासाची वाट... दिसत नाही. मॅडम, नाही दिसत. नळी न घालता बाहेर येते."

"शाब्बास. आता मास्कने श्वास दे."

शाब्बास कसली? इथे माझा जीव टांगणीला लागलेला! मी दोनचार शिव्या मोठ्याने हासडल्या.

तिने पुन्हा नळी घेतली. मोठ्या डॉक्टरांनी फक्त वाट नजरेत यावी म्हणून बाळाच्या गळ्यावर बाहेरून बोट टेकवलं, हे मला नंतर कळलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"दिसली! गेली आत. छाती हलतेय. दोन्ही बाजूंना आवाज सारखा. ठोके वाढले."

मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या काचेच्या पेटीशी मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "न दिसता ढकलणारे पुष्कळ असतात. मला थांबणारी हवी होती." मला ते लगेच पटलं. वळणावर 'पुढचं दिसत नाही' म्हणून जो थांबतो, त्याच्याच शेजारी मी निवांत बसते.

नळी असेपर्यंत लेकीच्या तोंडून आवाज फुटला नाही. नळी निघाली आणि बाईसाहेबांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. ती शिकाऊ पोर तेव्हा सुट्टीवर होती.

घरी निघताना नर्सने ती जिन्यात दाखवली. मला बघून अंग चोरून उभी राहिली. "पहिल्या वेळी जमलं नाही... सॉरी."

मी लेक तिच्या हातात दिली. लेकीला भूक लागली होती, तिने भोकाड पसरलं. पोर गडबडली, बाळ परत करायला लागली. मी हात पुढे केले नाहीत.

"राहू दे गं. माझ्या शिव्या ऐकल्यास ना? आता हेही ऐक. तुझ्यामुळेच आहे."