पुसायची पावलं

"आर्डिस, त्या खिडकीचं एकदा काय ते ठरव," स्टिअरिंग घट्ट धरून रूबेन ओरडला. "वर-खाली, वर-खाली! काच निखळून हातात येईल."

"उघडी ठेवली की धूळ येते."

"मग बंद ठेव."

"बंद केली की जीव गुदमरतो."

मागच्या सीटवर पाण्याच्या कॅनना मिठी मारून बसलेली लुपे हसली. "मावशीला आत बसवलंच कशाला? ट्रकच्या मागून पळवत आणायची. तिलाही बरं वाटलं असतं."

"पळालेही असते," आर्डिस म्हणाली आणि काच पुन्हा खाली केली.

किटलीनाका मागे पडला होता. नाक्यावरच्या खांबाला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टांगलेल्या किटल्या आज वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या, आणि त्यावरही आर्डिसने बोलून घेतलं होतं. कुणाची किटली नवी, कुणाची गंजली, कुणी बूड फुटलेली टांगून पुण्य मिळवलं. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नसे. पार्कच्या तंबूतळांवरचे संडास धुता धुता ती आतल्या माणसाशीही दाराबाहेरून गप्पा मारी. तिच्या पोटात तीळ भिजत नाही हे सगळ्या डेथ व्हॅलीला ठाऊक होतं. पण फेब्रुवारीत नवरा गेल्यापासून बोलण्याच्या जोडीला हे दुसरं लागलं होतं. ती एका जागी ठरतच नव्हती. घरातलं कपाट तिने या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं, पुन्हा परत आणलं. सुट्टीच्या दिवशीही कामावर येऊन उभी राही. म्हणूनच रूबेनने आज तिला बरोबर घेतलं होतं.

तिच्या मनात काय सलत होतं ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

तिचा नवरा हॉलिस. याच रस्त्यावर त्याने उभी हयात ग्रेडर, कच्चा रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवला. जानेवारीतल्या एका सकाळी "टायर बघायला बीटी गावात जातो" म्हणून तो घरून निघाला आणि दुपारी परतला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला, दात वाजत असलेला. विचारलं तर म्हणाला, गाडी ओढ्यात अडकली. धुळीने आधीच खाल्लेली त्याची छाती. ताप आला, न्यूमोनिया झाला, आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. अंत्यविधीला बीटीचा टायरवाला टोपी हातात धरून आला आणि भल्या मनाने बोलून गेला, "वर्षभरात हॉलिस दुकानाकडे फिरकलाच नाही हो. आला असता तर निदान भेट तरी झाली असती."

तेव्हापासून आर्डिसला चैन नव्हतं. मग त्या दिवशी हा गेला होता कुठे? बीटीत बर्निस होती. विधवा, खानावळवाली, ॲपल पाय भाजण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. हॉलिस तिथे नेहमी दुसरा तुकडा मागून घ्यायचा. आता बर्निसच्या घरामागे कुठली नदी वाहते की माणूस गुडघ्यापर्यंत भिजावा, हे आर्डिसलाही कळत होतं. पण संशयाला एवढा विचार कुठला? तिने बर्निसच्या खानावळीत जाणं सोडून दिलं, आणि अमुक झालंय म्हणून नव्हे तर काय झालंय ते कळत नाही म्हणून ती आतल्या आत करपत राहिली.

ट्रक थांबला. समोर प्लाया पसरला होता. वाळून भेगाळलेल्या गाळाचं सपाट मैदान, त्यात मधूनच एखादा दगड, आणि प्रत्येक दगडामागे त्याने स्वतः ओढत नेल्यासारखी लांब चाकोरी. हिवाळ्यात कधीतरी इथे वीतभरही नाही एवढं पाणी साचतं, त्यावर पातळ बर्फ धरतो, ऊन आलं की तो तडकतो, आणि वाऱ्याच्या झुळकेबरोबर बर्फाचे पापुद्रे दगडांना ढकलत नेतात. अभ्यासकांनी हे कोडं सोडवलं त्यालाही काही वर्षं झाली. पण आसपासच्या माणसांपैकी कुणी दगड चालताना डोळ्यांनी पाहिला नव्हता. हॉलिसने तर त्यासाठी किती हिवाळे काठावर थर्मास घेऊन बसून काढले. काठावर, ओल्या गाळात नव्हे. ओल्यात पाय टाकला तर ठसा वर्षानुवर्षं राहतो. कुणी पर्यटक ओल्यात उतरताना दिसला की हॉलिस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

"ते बघ," रूबेनने बोट दाखवलं. "घातलीय घाण."

काठापासून निघालेली पावलं सरळ आत गेली होती, घोट्यापर्यंत रुतलेली, आता वाळून दगडासारखी टणक झालेली. कुणीतरी त्यांचा फोटो काढून जगभर पाठवला होता आणि गेले पंधरा दिवस बीटीपासून लोन पाइनपर्यंत सगळे त्या अनोळखी माणसाला शिव्या घालत होते.

"हॉलिस असता ना," रूबेन म्हणाला. ग्रेडर चालवायला तो हॉलिसच्याच हाताखाली शिकला होता. "हॉलिसने याला हुडकून काढला असता आणि इथेच नाक घासायला लावलं असतं."

"आणि वर लेक्चर दिलं असतं तासभर," लुपे म्हणाली.

"तासभर? जेवणाची सुट्टी धरून!" आर्डिस म्हणाली, आणि आठवणीने तिलाच हसू आलं.

काम सोपं होतं, पण वेळखाऊ. ठशाभोवतीच्या कडांवर पाणी ओतायचं, मऊ झालं की थापीने आत लोटायचं, ब्रशने सारखं करायचं. वाळलं की त्यावर आपोआप भेगा पडतात आणि जमीन शेजारच्यासारखी दिसू लागते. रूबेन काठाकडून लागला, लुपे मधून. आर्डिस कॅन आणि थापी घेऊन पार आतल्या टोकाकडे निघाली. तेवढंच चालणं होतं.

"पावलांच्या बाजूला ही चौकोनी भोकं कसली गं?" लुपेने मागून विचारलं.

"तिकाटणं असेल कॅमेऱ्याचं," रूबेन म्हणाला. "फोटोसाठी मरतात मेले."

आर्डिसने खाली पाहिलं.

उजव्या पावलाशेजारी एक चौकोनी खळगा. पुढच्या उजव्या पावलाशेजारी आणखी एक. डावं पाऊल बाहेरच्या अंगाला फाकलेलं, चवडा ओढल्यासारखा. तिने कॅन खाली ठेवला. मागच्या हिवाळ्यात हॉलिसच्या काठीचं रबरी बूच हरवलं होतं. नवं आणायला कोण जातं म्हणून तिनेच स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पायाचं चौकोनी बूच काढून काठीला ठोकून दिलं होतं. तेव्हापासून ती खुर्ची डुगडुगत होती आणि हॉलिस म्हणत होता, "म्हातारे, माझा तोल सावरलास आणि खुर्चीचा घालवलास."

आधी तिला रागच आला. असा आला की हातातली थापी त्या पावलावर मारावीशी वाटली. छाती पिंजलेला म्हातारा, काठीशिवाय संडासापर्यंत जाता येत नाही, तो बर्फाच्या पाण्यात उतरला! जगाला दम देत फिरला आणि स्वतः चोरासारखा! आणि मला सांगतो, टायर. माझा तीन महिने जीव जातोय, आणि हा इथे चिखलात खेळत होता.

मग ती पावलांबरोबर पुढे गेली.

काठाकडून सरळ आलेली पावलं एका दगडाच्या जागेपाशी येऊन थबकली होती. दगड नव्हता तिथे. असल्याची खूण होती, आणि तिथून एक नवीकोरी चाकोरी निघाली होती, कडा अजून धारदार. पावलं त्या चाकोरीला लागून वळली होती. आणि ती एकदम लहान झाली होती. टाच चवड्याला लागेल एवढी लहान. दोन पावलं, मग दोन्ही पाय जुळवून थांबलेला. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबलेला. पहिल्यांदा चालायला लागलेल्या पोराच्या बाजूने, त्याला हात न लावता, आईबाप चालतात तसा तो चालला होता.

थांबलेल्या दगडाबरोबर कुणी असं चालत नाही.

चाकोरी जिथे संपली तिथे तो दगड बसला होता, चांगला भाकरीच्या पाटीएवढा, काळा. शेजारी दोन पावलं खोल रुतलेली. इथे तो बराच वेळ उभा होता. आणि परत फिरलेली पावलं? ती लांब लांब टाकलेली होती, वेडीवाकडी, आणि बऱ्याच अंतरापर्यंत त्यांच्या शेजारी चौकोनी खळगाच नव्हता. काठी टेकायची विसरला होता तो. वर धरली असेल, नाहीतर खांद्यावर टाकली असेल. पाच वर्षांत काठीवाचून एक पाऊल न टाकलेला माणूस.

तिला दवाखान्यातला त्याचा चेहरा आठवला. नाकात नळी, आणि छताकडे बघून हसत होता. "काय झालं हसायला?" तिने विचारलं होतं. "काही नाही गं." मग जरा वेळाने म्हणाला होता, "तुला सांगितलं तर तू बीटीभर करशील." तिला वाटलं होतं, तापात बरळतोय. ती उलट वैतागून म्हणाली होती, "मी काय गावाचा भोंगा आहे?"

होतेच की, ती मनाशी म्हणाली. भोंगाच होते. सगळ्या आयुष्यात जे एकच बघायचं होतं ते त्याने बघितलं, आणि सांगायला घरात बायको असून सांगता आलं नाही. माझ्यामुळे. हे तिला त्या उन्हात उभ्या उभ्या कळलं, आणि ते बर्निसच्या संशयापेक्षाही जास्त लागलं. ती त्या दगडाशेजारी खाली बसली. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती अशी बसली.

"मावशी, ऊन लागलं का?" लुपे हाका मारत आली. मागून रूबेन.

आर्डिसने मान वर केली. सगळं ओठांपर्यंत आलं होतं. रूबेन, अरे तुझ्या गुरूने दगड चालताना पाहिला! त्याच्याबरोबर चालला तो! हे बघ, इथून इथपर्यंत! बीटीत, लोन पाइनमध्ये, सगळ्या व्हॅलीत यापेक्षा मोठी बातमी नव्हती, आणि ती एकटीच्या तोंडात होती.

रूबेन परतीच्या पावलांकडे बघत उभा होता. "बघ कसा पळालाय," तो म्हणाला. "चोर. कुणी बघितलं तर म्हणून लांब ढांगा टाकल्यात. शरम नाही लेकाला."

आर्डिसचे ओठ हलले.

"तुला कुणाची वाटतात गं ही?" रूबेनने विचारलं. "तू तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी बोलतेस. जानेवारीत कुणी कॅमेराबिमेरावाला आलेला आठवतो?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "असेल कुणीतरी."

"तुला एवढंच बोलता येतं?" लुपे म्हणाली. "मावशी, खरंच ऊन लागलंय तुला."

"इकडचा भाग मी करते," आर्डिस म्हणाली. "या दगडापासून वळणापर्यंत. तुम्ही बाकीचं घ्या. मधे येऊ नका."

ते दोघं गेले. तिने आधी परतीची पावलं घेतली, काठी न टेकलेली. पाणी ओतलं, थांबली, कडा लोटल्या. रूबेनने चोर म्हटलेली ती ढांग तिच्या थापीखाली हळूहळू सपाट झाली. मग ती दगडापासून उलटी निघाली, चाकोरीला धक्का न लावता, गुडघ्यांवर. एक लहान पाऊल, दुसरं लहान पाऊल, थांबा. तिलाही तसंच थांबावं लागत होतं. गाळ मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच. मधे एकदा तिने थापी ठेवली आणि एका ठशात आपला हात पसरून ठेवला. टाचेपाशी जागा उरली. मग तोही भरला.

ऊन कलायला लागलं तेव्हा रूबेन आला. कमरेवर हात ठेवून त्याने तिचं काम पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं.

"फार सुरेख केलंस," तो म्हणाला. "इथे कुणी आलं होतं हे आता देवालासुद्धा कळायचं नाही."

"हो," आर्डिस म्हणाली.

परतताना ट्रकच्या खिडकीची काच अर्ध्यावर होती, ती तशीच राहिली. किटलीनाका आला, गेला. लुपेने मागून पाण्याची बाटली पुढे केली, "घे, हात तरी धू, कोपरापर्यंत माखलीयस."

"राहू दे," आर्डिस म्हणाली, आणि वाळत चाललेले हात मांडीवर उपडे ठेवून ती पुढचा रस्ता बघत स्वस्थ बसून राहिली.