भोंग्यातला चेडा

हसनाबादच्या बाहेरच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मच्छिंद्रबाबा एकेका बाईच्या गुडघ्याला माइक लावायचा, "ऊठ, माय" म्हणायचा, आणि भोंग्यातून आवाज यायचा, कर्रर्र, कट्ट! बायका पदरात तोंड लपवायच्या.

"ऐकलं का? दात खाऊन राह्यला! हाडात बसलेला चेडा हाय ह्यो, भूत! डॉक्टरच्या मशिनच्या बापाला दिसायचा न्हाई!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असला आचरटपणा पाहिला की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशी राग गिळून बसलो होतो, कारण बाबाच्या पायाशी माझी जुनी विद्यार्थिनी तृप्ती बसली होती. दोन्ही गुडघे काळ्या फडक्याने करकचून बांधलेले. पोलीस भरतीची धावण्याची चाचणी तोंडावर आली होती. पोरगी धावली तर चेडा भडकेल, असं सांगून बाबाने तिला आपल्या मठातल्या खोलीत बसवलं होतं, फक्त आरतीपुरतं मंडपात आणायचे. दाराला बाहेरून कडी, आणि कडी लावणारी तिची सख्खी आई, उषाबाई.

उषाबाई काही दुष्ट नव्हती. तिचे गुडघे सुजलेले, तिच्या आईचे तसेच, मावशीचेही. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "झिजेचा संधिवात आहे. तुमच्याकडे आईकडून लेकीत उतरलेला दिसतो." बाईने बाकी सगळं सोडलं आणि 'उतरलेला' तेवढं धरलं. उतरलाय म्हणजे उतरवायला हवा! उतरवणारा तर गावाबाहेरच बसला होता. त्यात तृप्तीचे गुडघेही उठता-बसता वाजायचे.

मी उषाबाईला सांगून थकलो होतो. "लेकरू माझ्यावानी लंगडं होऊ देऊ का, सर?" म्हणून ती रडायची. पोलिसांत जातो म्हटलं, तर तृप्तीच हात जोडायची, "नका सर, आईला धरून नेतील." मायेने लावलेली कडी काढायची कशी, मला खरंच कळत नव्हतं.

आरतीची वेळ झाली. बाबाने माइक खाली ठेवला आणि मांडी मोडून उठू लागला. तृप्तीला उभं राहता येत नव्हतं, पण बसल्या जागी तिचा हात बरोबर त्याच्या गुडघ्याशी पोचत होता. तिने माइक उचलून लावला.

कर्रर्र, कट्ट!

पुढे बसलेली म्हातारी दुर्गाबाई म्हणाली, "अगं बाई! बाबातबी उतरला का काय?"

बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "समद्यांचे चेडे म्या माझ्या अंगावर घेतले, माय!"

"मंग माझा बी घेतला असंल ना?" तृप्ती म्हणाली. "मंग मला कशाला बांधून ठेवलं? सोडा!"

मी तिच्या हातून माइक घेऊन उठता-बसता माझ्या गुडघ्याला लावला, मग दुर्गाबाईच्या. दोन्हीकडे चेडा बोलला.

"गुडघा वाकला की आत बुडबुडे फुटतात, स्नायूंच्या दोऱ्या हाडावरून सरकतात," मी म्हणालो. "दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला भिऊ नका. भोंगा लावला की कुणाचाही गुडघा ओरडतो."

"पन डॉक्टर उतरलंय म्हनले व्हते," उषाबाई पुटपुटली.

"आईचं नाक लेकीत उतरतं ना, तसं! सांध्याची गादी लवकर झिजण्याची शक्यता रक्तातून येते. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. शिवाय वय, वजन, जुना मार, कामाचा ताण. शक्यता म्हणजे निकाल नव्हे, उषाताई. मांड्या बळकट असल्या तर गुडघ्याला आधार मिळतो. तुम्ही तर तिला बसवून ठेवलंत."

"म्हंजे म्याच तिला कमजोर करून राह्यले?"

ती कण्हत लेकीपुढे बसली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. तृप्तीचे पाय बधिर झाले होते. ती आईच्या खांद्यावर रेलून उभी राहिली.

"शाप लागंल!" बाबा ओरडला.

"लागायचा तेवढा लागला," उषाबाई म्हणाली, आणि लेकीला घेऊन चालू लागली.

ती चाचणी तृप्तीला देता आली नाही. इतक्या दिवसांत पाय पार गळाले होते. आता ती पुढच्या भरतीसाठी पुन्हा पहिल्यापासून धावते आहे. म्हणून सांगतो, बाबांनो, घराण्यातून काय आलं हे डॉक्टरांना विचारा, आणि एखादा शब्द कळला नाही तर तोही त्यांनाच पुन्हा विचारा. विचारायला लाज वाटली, तर भोगायला आपलीच लेकरं असतात.